हिद्दच्या किनाऱ्यावरच्या शेवया

बहारीनहून आलेल्या माणसाला आमच्या वसईत दोनच गोष्टी विचारतात : तिकडे ऊन किती आणि सोनं कसं. तिथली माणसं रस्त्यावर उभी राहून काय खातात, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. मी मात्र तिथे होते तोवर बहुतेक तेच बघत होते, आणि ते बघता बघता माझी माझ्या वडिलांशी ओळख झाली.

हे वाक्य विचित्र वाटेल, पण खरं आहे. पपा बहारीनला गेले तेव्हा मी चार वर्षांची होते. दर दोन वर्षांनी ते दोन महिन्यांच्या रजेवर यायचे. ओटीवर खुर्ची टाकून बसायचे, भेटायला आलेल्यांना सिगारेटी द्यायचे, पुढ्यात येईल ते जेवायचे आणि ताट स्वच्छ करून न बोलता उठायचे. मीठ कमी म्हणून नाही, की आज छान झालंय म्हणून नाही. आई मागच्या दारी भांडी घासताना मला म्हणायची, "मोठ्या हॉटेलातले कुक ते. त्यांना आपल्या हातचं कुठलं गोड लागणार!" मग पपांची सुट्टी संपायची, आणि ओटीवरची खुर्ची आत जायची.

त्र्याऐंशी साल संपता संपता त्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपत आलं. आता कायमचं परत यायचं ठरलं होतं. माझं बी.एड. झालं होतं आणि शाळेतली नोकरी जूनपासून होती. म्हणून पपांनी आम्हा दोघींनाही बोलावलं, एकदा बघून जा म्हणून. पासपोर्ट दोघींचे निघाले, पण ऐन वेळी आई म्हणाली, "तू जा. घर आणि कोंबड्या कोण बघणार? त्यांचं सामान बांधायला मदत कर आणि त्यांना घेऊनच ये." नाताळ घरी करून मी एकटीच विमानात बसले.

मनामा

विमानतळाबाहेर पपा उभे होते. प्रवास कसा झाला, आई कशी आहे, असं काही नाही. माझी बॅग हातात घेतली आणि विचारलं, "भूक लागलीय?"

मी हो म्हटल्यावर टॅक्सीवाल्याला त्यांनी अरबीत काहीतरी सांगितलं. मुहर्रक बेटावरून पाण्यातला लांब रस्ता ओलांडून आम्ही मनामात शिरलो, आणि टॅक्सी थांबली ती एका भट्टीसमोर. जमिनीत पुरलेला तंदूर, त्याच्या काठावर बसलेला इराणी भटारी आणि त्याच्या हातात लांब लोखंडी सळई. कणकेचा गोळा उशीवर थापून त्याने तंदूरच्या पोटाला चिकटवला आणि पाणी प्यावं इतक्या वेळात सळईने काढलाही. रोटी सुपाएवढी, कुठे फुगलेली, कुठे काळे डाग पडलेली.

"बास्कल! बिन्त?" भटाऱ्याने विचारलं.

"बिन्ती," पपा म्हणाले. माझी मुलगी. माझ्या वडिलांचं नाव पास्कोल. अरबीत 'प' नाही, म्हणून सगळ्या बहारीनमध्ये ते बास्कल होते. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या गरम रोटीचा तुकडा तोडून त्यांनी माझ्या हातात ठेवला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. घरी ते असं कुणाच्या तोंडाकडे बघत नसत.

माझी राहायची सोय उम्म अल हस्समला होती. आमच्याच गावच्या रेजिनाबाई तिथल्या इस्पितळात नर्स होत्या, त्यांच्या फ्लॅटमध्ये. त्यांची लहान मुलगी मराठी सगळं समजायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. खाली एक दुकान होतं, तांदूळ, साबण, बिस्किटं, सगळं मिळणारं. आपण किराणा दुकान म्हणू, तिथे त्याला कोल्ड स्टोअर म्हणतात. मला तिसऱ्या दिवशीच कळलं की तिथे थंड असं फारसं काही नसतं.

पपांची ड्यूटी दुपारनंतर असायची. सकाळी ते मला न्यायला यायचे आणि आम्ही मनामाच्या बाजारात हिंडायचो. एखाद्याने आपल्या गावातली चर्चेस दाखवावीत तसे ते खाण्याच्या गाड्या दाखवायचे. एका बोळात मोठ्या पातेल्यांत उकडलेले चणे आणि वाल, वर लाल मिरची; म्हातारे अरब सकाळी सकाळी वाटी घेऊन यायचे. पुढच्या वळणावर निखाऱ्यांवर मांसाचे नखाएवढे तुकडे, सळईवर ओवलेले, आणि त्यांना एक वेगळाच आंबट, धुरकट वास.

"हा वास कसला?" मी विचारलं.

"ओळख."

"चिंच? आमसूल?"

पपांनी खिशातून सुकलेलं काळं लिंबू काढलं, सुपारीसारखं टणक. ते दगडावर फोडून माझ्या नाकाशी धरलं. "लुमी. लिंबं मिठाच्या पाण्यात उकळून उन्हात सुकवतात. आपण कोळंबीचे सोडे सुकवतो तसं." आणि ते खिशात का होतं, असं विचारलं तर म्हणाले, "असंच. वास घ्यायला."

मला हसू आलं. हा माणूस आमच्या ओटीवर दोन महिने पुतळ्यासारखा बसायचा!

नईम

पपांची खोली नईममध्ये होती, जुन्या वस्तीत. खोलीत चार जण राहायचे, त्यामुळे मी आत गेले नाही. सामान ते जिन्यात आणून दाखवायचे आणि मी खोक्यांत भरायचे. सामान थोडंच होतं. मला खटकलं ते एवढंच की खोकी भरण्यात पपांचं लक्ष नसायचं. एक भरलं की ते म्हणायचे, "राहू दे आता. चल, तुला काहीतरी खायला घालतो."

तिथेच माझी फजिती झाली. कोपऱ्यावर एक बाई तव्यावर पातळ रोट्या करायची आणि त्यावर तपकिरी रंगाचं काहीतरी ओतायची. मी चिंचेची चटणी समजून पपांच्या आधीच मोठा घास घेतला. ती माशांची चटणी निघाली, मासे मिठात घालून उन्हात मुरवून केलेली. माझे डोळे पाण्याने भरले. गिळवेना, आणि ती बाई समोर बघतेय म्हणून थुंकवेना.

"महियावा," पपा शांतपणे म्हणाले. "पहिला घास असाच लागतो. दुसरा घे."

दुसरा मी नुसत्या हट्टाने घेतला. तिसऱ्या घासाला मला आमच्या पावसाळ्यातल्या सुक्या बोंबलांच्या डब्याची आठवण झाली, आणि मी ती रोटी संपवली. बाई बुरख्याआडून खळखळून हसली. त्यानंतर आम्ही नईमला गेलो की ती माझ्यासाठी मुद्दाम जास्त ओतायची.

हिद्द

शुक्रवारी तिथे सुट्टी असते, म्हणून चर्चमधली रविवारची मिस्साही शुक्रवारीच. मिस्सा झाल्यावर पपा म्हणाले, "आज तुला माझ्या आवडीच्या ठिकाणी नेतो." बसने आम्ही मुहर्रकच्या पार टोकाला हिद्दला गेलो. हे मच्छीमारांचं गाव, दोन्हीकडे उथळ हिरवं पाणी. गावापलीकडे जहाजं दुरुस्त करायची मोठी गोदी, आणि तिथे काम करणारे कोरियन, फिलिपिनो, मल्याळी, सुट्टीच्या दिवशीही रस्त्यावर.

किनाऱ्यालगत एका बुटक्या घराच्या भिंतीला टेकून ताडपत्रीखाली एक गाडी उभी होती. तिच्यावर दोन मोठी पातेली. मागे बनियनवर एप्रन घातलेला, कपाळाशी हात धरून डोळे बारीक करून बघणारा एक म्हातारा चिनी माणूस. हा लिम. पेनांगचा, जहाजावर खानसामा होता. आजारी पडून इथे उतरला आणि राहिला. भिंतीमागचं घर बू सालेहचं. तो जुना मच्छीमार, लिमचा अरबाब, म्हणजे ज्याच्या नावावर लिमचा व्हिसा होता तो. त्याची एकच अट होती : गाडीवर डुकराचं काही शिजायचं नाही. म्हणून लिम कोंबडीची हाडं वापरायचा.

पपांनी कोट काढून मला दिला, खुंटीवरचा दुसरा एप्रन बांधला आणि गाडीमागे जाऊन उभे राहिले. एका चमच्यात रस्सा घेऊन चाखला.

"मीठ नाही यात!" ते हिंदीत ओरडले.

"तुझ्या जिभेत नाही!" लिम त्याहून मोठ्याने, तशाच मोडक्या हिंदीत.

मी कोट हातात धरून बघत राहिले. बाकड्यावर बसलेले लोक हसत होते. "बास्कल, यल्ला, यल्ला," कुणीतरी घाई करत होतं. पपा कोळंबीची डोकी आणि सालं तेलात परतत होते, लाल होईपर्यंत, मग आणखी, मग त्यावर पाणी. त्या वासाने रस्त्यावरचा माणूस वळून बघायचा. दुसऱ्या पातेल्यात पिवळ्या शेवया उकळत होत्या. त्या लिम स्वतः करायचा, गव्हाच्या पिठाच्या आणि अंड्याच्या. वाडग्यात शेवया, वर सोललेली कोळंबी, अर्धं अंडं, तळलेला कांदा, मिरचीचं वाटण आणि तिथली जरजीर नावाची तिखट पानं. त्यावर तांबूस, उकळता रस्सा.

मी शेवया म्हणजे दूध आणि गूळ एवढंच जाणणारी. लिमने माझ्या हातात दोन काड्या दिल्या. मी धीर करून कोळंबी उचलली. ती निसटली आणि शेजारी बसलेल्या बू सालेहच्या पांढऱ्याशुभ्र झग्यावर जाऊन पडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बू सालेहने ती उचलली, तोंडात टाकली आणि गंभीरपणे माझे आभार मानले, "शुक्रान." मग घरातून एक चमचा आणून दिला.

काय चव होती! समुद्र, भाजलेपणा आणि शेवटी घशात मिरची. सगळ्यांची खाण्याची तऱ्हाही वेगळी. कोरियन वेल्डर आवाज करत शेवया ओढायचे. अरब त्यात रोटी बुडवायचे. एक मल्याळी रोज भात मागायचा आणि लिम रोज त्याला शिव्या द्यायचा. पपा उभ्या उभ्या खायचे, लुमी कुस्करून.

दुपारी ओहोटी लागली तेव्हा पपा म्हणाले, "चल, समुद्रातलं कुंपण दाखवतो." मासे अडकवायला अरब उथळ पाण्यात खजुराच्या काठ्यांचं कुंपण घालतात. भरतीला मासे आत येतात आणि ओहोटीला तिथेच राहतात. आमच्याकडच्या कोळ्यांच्या डोल-जाळ्याची ही लांबची बहीण. चिखलात माझी चप्पल रुतली, ती काढायला दोघेही वाकलो, आणि वाकलेले असतानाच पपांनी विचारलं, "सेलीन, मी आणखी थोडे दिवस राहिलो तर?"

मी सरळ उभी राहिले.

"लिम चाललाय. डोळे अधू झालेत त्याचे, मुलीकडे जाऊन राहणार आहे. गाडी मी चालवावी म्हणतो. बू सालेह व्हिसा द्यायला तयार आहे."

"आणि आई?"

"तेच तुला विचारतोय."

"मी तुम्हाला न्यायला आलेय, पपा! आईने घर रंगवून घेतलंय. तुमच्यासाठी पलंग केलाय."

"पलंगावर बसून काय करू?" ते म्हणाले. रागाने नाही, खरोखर विचारल्यासारखं. "गावात परत आलेले बघतेस ना? ओटीवर बसतात. संध्याकाळी बसस्टँडपर्यंत जाऊन येतात. दोन वर्षांत म्हातारे होतात."

"तुम्ही स्वयंपाक करा की घरी. कधी एक शब्द बोलला नाहीत तुम्ही आमच्याशी जेवणाबद्दल. इथे मात्र मीठ नाही म्हणून ओरडताय!"

पपांनी चप्पल चिखलातून ओढून काढली. मग म्हणाले, "तू लहान असताना एकदा मी आईला म्हणालो, आमटीत चिंच जास्त झालीय. ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून सगळं विचारून करायला लागली. चिंच किती घालू? मीठ किती? साहेबाला विचारावं तसं. दोन महिन्यांसाठी आलेल्या पाहुण्याने कशाला कुणाचं घर ढवळायचं? तेव्हापासून गप्प राहिलो."

"आई समजते, तुम्हाला तिच्या हातचं आवडत नाही."

त्यांनी झटकन माझ्याकडे पाहिलं. "कोण म्हणालं?"

"आईच. मला कळायला लागल्यापासून तेच म्हणतेय."

पपांच्या हातात माझी चिखलाने भरलेली चप्पल होती. ती तशीच धरून ते किनाऱ्याकडे चालू लागले. मी एका पायात चप्पल घालून मागे. परतीच्या बसमध्ये मी त्यांच्या मागच्या सीटवर बसले. मला त्यांचा राग आला होता, आईचाही आला होता, आणि एवढ्यातही जिभेवरची कोळंबीची चव जात नव्हती, याचाही.

पुन्हा मनामा

दुसऱ्या दिवशी सकाळी पपा एरवीपेक्षा लवकर आले. "चल, फोन करायचाय." टेलिफोनच्या ऑफिसात आम्ही ताटकळलो. वसईला आमच्या शेजारी अंतोनकाकांकडे फोन होता. त्यांनी आईला हाक मारून आणेपर्यंत पपा रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून उभे होते. मी कान लावून ऐकत होते.

"मला यायला वेळ लागेल," पपांनी सांगितलं आणि एका दमात गाडीचं, लिमचं, सगळं सांगून टाकलं.

पलीकडे नुसती खरखर. मग आईचा आवाज आला. "गाडीवर? रस्त्यावर उभं राहून?"

"हो."

"काय विकणार?"

"शेवया. कोळंबीच्या रश्श्यात."

"शेवया गोड असतात."

"या नसतात."

पुन्हा खरखर. मला वाटलं, आई रडतेय. पण ती म्हणाली, "आणि लोक खातात ते?"

"रांग लावून."

"मला आजवर असलं काही सांगितलं नाहीत ते!"

"तुला आवडलं नसतं, असं वाटलं."

"तुम्हाला काय माहीत मला काय आवडतं?" आई इतक्या जोरात बोलली की काउंटरवरच्या माणसाने मान वर केली. "पासपोर्ट पडलाय माझा कपाटात. मी येते. राहायला नाही, बघायला. बघितल्यावर बोलू."

"आणि कोंबड्या?" पपांनी विचारलं. त्यांना दुसरं काही सुचलं नसावं.

"खाऊन टाकते," आई म्हणाली, आणि फोन कट झाला.

पुन्हा हिद्द

बू सालेहने आईचा व्हिसा काढला. मार्चमध्ये आई आली, नवी साडी नेसून आणि पायांत पांढरे मोजे घालून; विमानात थंडी असते, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. पपांनी तिलाही विमानतळावर भूक लागलीय का, असंच विचारलं. ती म्हणाली, "आधी ती गाडी दाखवा."

हिद्दला बू सालेहने तिच्यासाठी घरातून गालिचा आणून बाकड्यावर टाकला. लिमने गाडी पपांच्या ताब्यात देऊन बाजूला स्टूल घेतलं. पपांनी वाडगं भरलं, कड पुसली, पुन्हा पुसली; अठरा वर्षं हॉटेलात साहेब लोकांना वाढलेला माणूस. आईने काड्या नाकारल्या, चमचा घेतला. अगदी सावकाश खाल्लं. कोळंबीची शेपटी काढून कडेला ठेवली. शेवटचा रस्सा वाडगं तोंडाला लावून प्यायली.

"कसं झालंय?" पपांनी विचारलं.

"चांगलं आहे."

"खरं सांग."

"चांगलं आहे म्हटलं ना."

पपा गाडीमागून पुढे आले. "अगं, काहीतरी कमी असेल, जास्त असेल. सांग की!"

आईने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "सांगू?"

"सांग."

"डोकी करपवलीत तुम्ही. कडवट लागतंय."

"करपवलेली नाहीत! ती तशीच भाजायची असतात."

"कोळंबीला असं कुणी जाळतं? मंद आचेवर ठेवा. आणि एवढं पाणी? आमच्याकडे वाडीतल्या केळींना घालतात एवढं."

"आमच्याकडे म्हणजे? मी कुठला?"

"तुम्हीच सांगा कुठले!"

लिमने मला विचारलं, काय चाललंय. मी भाषांतर केलं आणि खरं कोणाचं, असं विचारलं. त्याने दोन्ही हात वर केले. "मला विचारू नको. मी पेनांगला चाललोय."

तोवर आईने पदर खोचला होता. मोजे काढून पर्समध्ये टाकले होते. त्या दुपारी गाडीवर दोन पातेली रस्सा शिजला, एक पपांच्या पद्धतीने, एक तिच्या. मच्छीमारांत दोन तट पडले. मल्याळ्याने दोन्ही घेतले आणि दोन्हींत भात मागितला. आई-पपा सूर्य खाली जाईपर्यंत भांडत होते. माझ्या उभ्या आयुष्यात मी त्यांना इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. मधेच पपा म्हणाले, "तुझ्या हातच्या कोळंबीच्या कालवणाची मी इथे नक्कल करून बघितली. जमलं नाही कधी." आई पातेलं ढवळत होती. तिचा हात थांबला. ती म्हणाली, "मग विचारायचं होतं." आणि पुन्हा ढवळू लागली.

त्यानंतर मी बहारीनचं आणखी पुष्कळ पाहिलं. मातीच्या थडग्यांची मैदानं पाहिली. सौदीकडे जाणारा पूल समुद्रात पुढे पुढे सरकताना पाहिला. भर खाऱ्या समुद्राच्या तळाशी गोड्या पाण्याचे झरे आहेत आणि पूर्वी माणसं बुडी मारून कातड्याच्या पिशवीत ते पाणी भरायची, हे बू सालेहने सांगितलं तेव्हा मी ते पाणी दाखव म्हणून त्याच्या मागे लागले. तो म्हणाला, आता झरे आटत चाललेत, इंशाल्ला पुढच्या खेपेला. पण ती पुढची खेप काही आली नाही. मे महिन्यात मी एकटीच परत आले, जूनला शाळेत रुजू झाले.

आई बघायला गेली होती ती तिथेच राहिली. बू सालेहच्या घराला मागून एक खोली होती, तीत. पुढे किनाऱ्यावर भराव पडला, गाडीसमोरचं पाणी दूर गेलं, गोदीची कामंही कमी झाली, तेव्हा दोघं एकत्र घरी आली. गाडी तिथेच एका फिलिपिनो बाईला देऊन टाकली.

आता पपा सकाळी आईबरोबर बाजारात जातात आणि कोळणीच्या टोपलीपाशीच त्यांची सुरुवात होते. ही कोळंबी घे, ती नको, सालं फेकू नकोस, आच कमी कर, झाकण काढ. आमच्या शेजारी नवीन बिऱ्हाड आलंय. परवा त्या बाई कुंपणापाशी येऊन हळूच मला विचारत होत्या, "तुमच्याकडे रोज भांडणं होतात का हो?"

मी म्हटलं, "नाही हो. स्वयंपाक चाललाय."